वरंबा, वजनकाटा आणि चाळीस मिलिमीटर

मेढ्याच्या पुढे, जावळीच्या खोऱ्यात आमचं वडिलोपार्जित शेत आहे. डांबर संपलं की शेवटचे सव्वादोन किलोमीटर म्हणजे ट्रॅक्टरने पाडलेली चाकोरी. पावसाळा सरता सरता चाकोऱ्या वीतभर खोल जातात आणि मधे गवत माजलेला वरंबा उरतो. त्या वरंब्यात दगडही असतात, गवतामुळे ते दिसत नाहीत.

जून २०२३ मध्ये पाच दरवाजांची जिम्नी बाजारात आली आणि त्या वर्षीच्या गणपतीत ती आमच्या दारात उभी राहिली. ऑक्टोबरात भातकापणीच्या वेळी पोटाखालून पहिल्यांदा खर्रर्र आवाज आला. तेव्हापासून लिफ्टचा विचार डोक्यात शिरला. आज गाडी मूळ उंचीपेक्षा चाळीस मिलिमीटर वर आहे आणि तशी ती बावीस हजार किलोमीटर पळली आहे. पण तिथवर पोचेपर्यंत मला दोनदा सामान काढून टाकावं लागलं. ते पैसे इतर कोणाचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितो आहे.

१. आधी गाडीखाली झोपा

नेमकं काय घासतंय ते बघितल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. आमच्या मिस्त्रींनी मला ओला गेरू आणायला सांगितला. डिफरन्शियलचा गोळा, ट्रान्स्फर केसखालचा आडवा पट्टा, दोन्ही बाजूंचे रॉड, सायलेन्सर, सगळ्यांना गेरू फासला. शेतावर जाऊन आलो आणि बॅटरी घेऊन खाली शिरलो. गेरू दोन ठिकाणी खरवडला होता: पुढच्या डिफरन्शियलच्या तळाला, आणि मधल्या आडव्या पट्ट्याला.

या दोन खुणांचा अर्थ अगदी वेगळा आहे. जिम्नीला पुढे-मागे दोन्हीकडे सलग ॲक्सल आहे. डिफरन्शियल त्या ॲक्सलमध्येच बसलेला असतो आणि ॲक्सल चाकांवर टेकलेला असतो. स्प्रिंग कितीही उंच घाला, वर जाते ती चासी आणि बॉडी. डिफरन्शियल जमिनीपासून होता तिथेच राहतो. या गाडीचा २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स सांगतात तो याच सर्वांत खालच्या भागापर्यंतचा. दोन इंच लिफ्ट केली की तो २६० होतो असं तुम्हाला कोणी सांगितलं, तर त्याने गाडीखाली डोकावलेलं नाही एवढं समजा.

मधल्या पट्ट्याचं मात्र तसं नाही, तो चासीबरोबर वर जातो. पाच दरवाजांच्या जिम्नीचा व्हीलबेस २५९० मिलिमीटर, तीन दरवाजांचीचा २२५०. त्यामुळे उंचवट्यावरून पोट न घासता जायचा कोन तीन दरवाजांचीत २८ अंश आहे, आपल्याकडे मिळते तिच्यात २४. माझी निम्मी अडचण लिफ्टने सुटण्यासारखी होती, उरलेली निम्मी टायरने आणि चाक वरंब्यावर चढवून चालवण्याने. हे कळल्यावरच किती आणि कशासाठी, याचा हिशेब सुरू झाला.

(ज्यांच्याकडे २०२० नंतरची थार आहे त्यांनी लक्षात घ्यावं, तिच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे लिफ्टने पुढचा डिफरन्शियल वर जातो, पण चाकांकडे जाणारे शाफ्ट तिरके होतात आणि त्यांच्या रबरी टोप्या लवकर फाटतात. मागचा ॲक्सल सलग, म्हणजे माझ्यासारखाच.)

२. उंची आईच्या गुडघ्याला विचारून ठरवा

ही गाडी १६४५ मिलिमीटर रुंद आणि १७२० मिलिमीटर उंच. म्हणजे मुळातच रुंदीपेक्षा उंची जास्त. यवतेश्वरच्या घाटात वळणावर ती किती झुकते ते चालवणाऱ्याला पोटात कळतं. त्यात तीन इंच घालणं मला पटलं नाही. शिवाय आई सत्तरीची, आणि शेतावर जायचा सर्वांत जास्त हट्ट तिचाच. मी अंगणात एक फळी ठेवली, तिच्याखाली विटांचे तुकडे घालत गेलो, आणि आईला एकेक उंची चढून बघायला लावली. चाळीस मिलिमीटरपर्यंत ती वरच्या हँडलला धरून चढत होती. पन्नासच्या पुढे तिने माझा खांदा धरला. चाळीस ठरले.

३. स्पेसर ही लिफ्ट नव्हे

माझी पहिली चूक. स्प्रिंगच्या वर ठेवायच्या जाड चकत्या मिळतात, पॉलियुरेथेनच्या किंवा ॲल्युमिनियमच्या. स्वस्त, दोन तासांचं काम. मी तीस मिलिमीटरच्या घातल्या. गाडी वर आली, दिसायलाही बरी दिसू लागली. पण शॉकअप जुनेच होते, त्यांची लांबी तेवढीच. उभ्या गाडीत शॉकअप आधीच तीस मिलिमीटर ताणलेला, म्हणजे चाकाला खाली लोंबायला तेवढी जागा कमी. खड्ड्यात चाक उतरलं की शॉकअप पूर्ण ताणला जाऊन ठक्कन आवाज यायचा आणि चाक जमीन सोडायचं. सलग ॲक्सलच्या गाडीचा सगळा जीव चाक खाली लोंबण्यात असतो. तोच मी कापून टाकला होता. चार महिन्यांत एका शॉकअपमधून तेल झिरपायला लागलं.

आठ-दहा मिलिमीटरची चकती एका बाजूचा कल काढायला चालते. त्याहून जास्त कामासाठी ती घेऊ नये, हे माझं पक्कं मत झालं आहे.

४. दुसऱ्या गाडीची स्प्रिंग आपल्या गाडीला होत नाही

दुसरी चूक महाग पडली. जपानात आणि ऑस्ट्रेलियात तीन दरवाजांची जिम्नी बरीच आधी आली, त्यामुळे लिफ्टचं बहुतेक सामान तिच्यासाठी बनलं. विकणाऱ्याने सांगितलं, 'साहेब, जिम्नी ती जिम्नी, डोळे झाकून बसवा.' बसवली. आपली गाडी तिच्यापेक्षा साधारण शंभर किलोने जड, आणि वाढलेला सांगाडा मधे-मागे. वर त्या पुढच्या स्प्रिंगा पोलादी बंपर आणि विंच धरून बनवलेल्या. माझ्या गाडीवर यातलं काहीच नाही.

परिणाम असा झाला की पुढे साठ मिलिमीटर चढली, मागे जेमतेम पंचवीस. नाक वर करून उभी. रात्री समोरून येणारा प्रत्येक जण लाइट मारून खुणावायचा, कारण माझा झोत त्याच्या डोळ्यांत. रिकाम्या गाडीत पुढची चाकं रस्त्यावर उड्या मारायची, आणि शेतातून धान्य भरून निघालो की मागचं ढुंगण खाली बसायचं. जिथे उंची हवी होती तिथेच ती नव्हती.

स्प्रिंगच्या तारेची जाडी डोळ्यांना फसवते. बाकी सगळं सारखं ठेवून तार बारा मिलिमीटरवरून तेराची केली तर स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. एका मिलिमीटरला कमी लेखू नये.

५. वजनकाटा खोटं बोलत नाही

या दोन चुकांनंतर मिस्त्रींनी एकच प्रश्न विचारला: 'दादा, गाडीवर किती वजन येतं ते मोजलंय का कधी?' मी मोजलं नव्हतं. ऊस कारखान्याला जातो त्या वाटेवर वजनकाटा आहे. दुपारी गर्दी नसताना गाडी नेली. काटेवाल्याला विनंती करून आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेतली, मग पूर्ण गाडी. वजाबाकी केली की मागचं वजन. हत्यारांसकट रिकामी गाडी: पुढे ६३०, मागे ५९० किलो.

दुसऱ्या दिवशी शेतावरून येतो तशीच भरून आणली. मी, बायको, मागे आई आणि मुलगा, भाताचं पोतं, फवारणीचा पंप, पाण्याचे दोन कॅन, दोर, कुदळ. पुढे ६९०, मागे ८००. कंपनीने गाडीची एकूण मर्यादा १५४५ किलो दिली आहे. मी १४९० वर होतो. त्या दिवसापर्यंत मी एक वजनदार पोलादी टपावरचं कॅरिअर घ्यायचं ठरवलं होतं. तो बेत तिथेच, काट्यावर, सोडला.

आता हिशेब बघा. पुढे वाढले साठ, मागे वाढले दोनशे दहा. मागच्या दोन स्प्रिंगांत वाटले तर प्रत्येकीवर एकशे पाच किलो. स्प्रिंगचा दर मिलिमीटरला तीन किलो असेल तर ती पस्तीस मिलिमीटर खाली बसणार. म्हणजे रिकाम्या गाडीत मिळवलेली चाळीसची लिफ्ट, नेमकी वरंब्यावरून जाताना, पाचवर आलेली. साडेतीनचा दर घेतला तर तीस बसेल, दहा उरतील. मूळ स्प्रिंगपेक्षा मात्र तरीही बरंच वर, कारण मूळ स्प्रिंग भरल्या गाडीत यापेक्षाही खाली जात होती. चारच्या दराने आणखी उरलं असतं, पण मग रिकाम्या गाडीत मागे बसलेल्या आईची पाठ गेली असती. आमची गाडी महिन्यातले पंचवीस दिवस साताऱ्याच्या रस्त्यांवर रिकामीच फिरते.

म्हणून पुढे बंपर-विंच नसलेल्या गाडीची मवाळ स्प्रिंग आणि मागे मध्यम भाराची, अशी जोडी मी निवडली. एकाच खोक्यात चारही स्प्रिंगा येतात तशा आंधळेपणाने घेऊ नका. पुढची वेगळी आणि मागची वेगळी विकणारे आहेत, आणि पाच दरवाजांच्या गाडीसाठीचं सामान आता मिळू लागलं आहे.

६. शॉकअपची लांबी बंद आणि उघडी, दोन्ही मोजा

लांब शॉकअप घ्यायचा हे सगळे सांगतात. तो दाबला गेल्यावर किती उरतो हे फारसं कोणी बघत नाही. लांब शॉकअप बंद अवस्थेतही लांबच असतो. चाक वर येऊन रबरी बंपस्टॉपला टेकायच्या आधीच शॉकअप आतून संपला, तर गाडीचं सगळं वजन त्याच्या दांड्यावर आदळतं. मग दांडा वाकतो, नाही तर वरची माउंटिंग फाटते.

मिस्त्रींनी हे माझ्यासमोर तपासलं. चासी घोड्यांवर ठेवली, स्प्रिंग काढून नुसता शॉकअप लावला, आणि जॅकने ॲक्सल वर वर नेत बंपस्टॉपला टेकवला. मग शॉकअपच्या दांड्याचा उरलेला भाग मोजला: अठरा मिलिमीटर. 'एवढं पाहिजेच,' ते म्हणाले. नंतर स्प्रिंग परत बसवली, जॅक सोडून ॲक्सल पूर्ण खाली लोंबू दिला आणि स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटत नाही ना, ते हात घालून बघितलं. या सगळ्याला पाऊण तास लागला. ज्या गॅरेजात हा पाऊण तास देत नाहीत तिथे लिफ्ट करून घेऊ नये.

मोनोट्यूब की ट्विन ट्यूब, यावर माणसं भांडतात. मोनोट्यूब लवकर थंड होतो. तासन् तास खडबडीत रस्त्यावर वेगाने जाणाऱ्यांना तो चांगला. पण त्याचा पिस्टन थेट बाहेरच्या नळीत फिरतो, तिला दगडाने पोचा पडला की तो अडकलाच. ट्विन ट्यूबला बाहेरची नळी वेगळी, आत दुसरी. पोचा पडला तरी काम चालू राहतं. माझ्या वाटेवर वेग पंधरा किलोमीटर आणि दगड भरपूर. मी नायट्रोजन भरलेला ट्विन ट्यूब घेतला आणि मला त्याचं समाधान आहे. एक मात्र पाहा, शॉकअप त्या स्प्रिंगच्या दरासाठीच जुळवलेला हवा. कडक स्प्रिंग आणि मूळ शॉकअप अशी जोडी लावली तर स्पीडब्रेकर ओलांडल्यावर गाडी दोन-तीनदा वरखाली डोलते. तसं डोलणं दिसलं की जोडी चुकली.

७. स्टिअरिंग हलकं वाटलं तर घाबरा

सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो, म्हणून हात सोडले तरी सायकल सरळ जाते. गाडीच्या पुढच्या चाकांनाही तसाच तिरकेपणा असतो, त्याला कॅस्टर म्हणतात. जिम्नीत पुढचा ॲक्सल दोन लांब आर्मना धरलेला असतो. चासी वर गेली की आर्म खाली झुकतात आणि ॲक्सल थोडा फिरतो, त्याने कॅस्टर कमी होतो. माझं स्टिअरिंग बोटाने फिरण्याइतकं हलकं झालं होतं आणि मला ते आवडलंही होतं. महामार्गावर ऐंशीच्या वेगाला मात्र गाडी वाऱ्याबरोबर लेन सोडायला लागली, वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ येईना. अलाइनमेंटच्या कागदावर कॅस्टर कंपनीच्या मर्यादेच्या खाली होता. सलग ॲक्सलमध्ये तो अलाइनमेंटवाल्याला वाढवता येत नाही, त्याच्या हातात फक्त टो असतो. त्यासाठी आर्मच्या टोकाला मध्यापासून सरकवलेल्या भोकाचे बुश लावावे लागतात, नाही तर दुरुस्त कोनाचे आर्म. हा खर्च लिफ्टच्या खर्चातच धरा.

दुसरी गोष्ट पॅनहार्ड रॉडची. हा रॉड ॲक्सलला चासीच्या मधोमध धरून ठेवतो, एक टोक चासीला आणि दुसरं ॲक्सलला. गाडी वर गेली की रॉड जास्त तिरका होतो आणि ॲक्सलला एका बाजूला ओढतो. गवंड्याचा ओळंबा आणून मी दोन्ही बाजूंनी मडगार्डवरून सोडला आणि टायरपर्यंतचं अंतर मोजलं. पुढे दोन बाजूंत सोळा मिलिमीटरचा फरक, म्हणजे ॲक्सल आठ मिलिमीटर सरकलेला. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड लावला, फरक दोनवर आला.

पुढची चाकं साठ-सत्तरच्या वेगाला थडथडू लागली आणि स्टिअरिंग हातात नाचायला लागलं, तर कोणी स्टिअरिंग डँपर बदलायला सांगेल. त्याने फक्त लक्षण झाकलं जातं. आधी चाकांचं बॅलन्सिंग, पॅनहार्डचे बुश आणि किंगपिनची बेअरिंगं तपासा.

८. बुश हवेत कसू नका

हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. आर्मच्या टोकाच्या बुशात आत लोखंडी नळी, बाहेर लोखंडी नळी, आणि मधे दोन्हींना चिकटलेलं रबर असतं. तिथे काही सरकत नाही, रबर पिळलं जातं आणि पुन्हा सुटतं. गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबत असताना नट कसला, तर रबराची ती अवस्था 'सरळ' ठरते. गाडी जमिनीवर आली की ते कायमचं पिळलेलं राहतं. माझ्या दुसऱ्या लिफ्टच्या वेळी दुसऱ्या एका गॅरेजात असंच झालं. सहा महिन्यांनी बुश काढला तेव्हा रबराला अर्धचंद्रासारखी चीर होती, तिच्यात नख जात होतं.

आमच्या मिस्त्रींनी सगळे बोल्ट हाताने घातले, गाडी चाकांवर उतरवली, चारही कोपरे दाबून हलवले, आणि मग खाली सरपटत जाऊन टॉर्क पान्याने एकेक कसला. तिथे उभं राहून हे करून घ्या. पॉलियुरेथेनचे बुश टिकतात, पण पिळायला नाखूश असतात आणि कोरडे पडले की कुरकुरतात. आर्मसाठी मी रबरच ठेवलं.

९. ब्रेकच्या नळ्या

ॲक्सल पूर्ण लोंबलेला असताना, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून, ब्रेकचा होज, एबीएसची वायर आणि डिफरन्शियलची श्वासनळी ताणली जात नाही ना ते बोट लावून बघा. ताण असेल तर क्लिपची जागा बदला किंवा लांब होज लावा. यात तडजोड नाही.

१०. टायर

मूळ टायर १९५/८० आर १५, व्यास साधारण ६९३ मिलिमीटर. मी २१५/७५ घेतला, ७०३. म्हणजे डिफरन्शियल वर गेला फक्त पाच मिलिमीटर, पण रुंद आणि दणकट कडांमुळे दगडावर चाक चढवायची भीती गेली. २३५/७५ घेतला असता तर वीस मिलिमीटर मिळाले असते, पण स्पीडोमीटर जवळजवळ सहा टक्के कमी दाखवू लागला असता, टायर आतून घासला असता आणि दीड लिटरच्या इंजिनाला घाटात एक गिअर खाली ओढावं लागलं असतं.

११. कायदा आणि विमा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडकपणे लावलं. बुलबारवर कारवाई करायला केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. म्हणून मी पुढे लोखंड लावलं नाही, चाकं मडगार्डच्या बाहेर काढली नाहीत, मूळ स्प्रिंगा आणि शॉकअप तेल लावून माळ्यावर जपले आहेत, आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवला. काम सुरू करायच्या आधी परिवहन कार्यालयात आणि विम्याकडे विचारा. गाडी वॉरंटीत असेल तर सस्पेन्शनचा दावा नाकारला जाऊ शकतो, हेही धरून चाला.

१२. हजार किलोमीटरनंतर पुन्हा पाना

नव्या स्प्रिंगा सुरुवातीला थोड्या बसतात. माझ्या पुढच्या सहा मिलिमीटर बसल्या, मागच्या आठ. म्हणून पहिल्या दिवशीची उंची खरी मानू नका. हजार किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा, अलाइनमेंट पुन्हा करा, हेडलाइटचा झोत भिंतीवर पाडून खाली घ्या. माझे दोन नट पाव फेरा सैल निघाले, दोन्ही पॅनहार्डचे.

परवा पुन्हा गेरू फासून शेतावर जाऊन आलो. मधल्या पट्ट्याला एकही ओरखडा नाही. डिफरन्शियलच्या तळाला एक आहे, तो राहणारच. आई अजून हँडलला धरूनच चढते.

कोणाला सामान घ्यायचं असेल तर दुकानदाराकडून चार आकडे लेखी मागा: स्प्रिंगचा दर, ती किती वजनाच्या गाडीसाठी आहे, शॉकअपची बंद लांबी आणि उघडी लांबी. हे आकडे जो देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.